मात्रा नावाची फाइल

नाशिक रोडला रिक्षात बसून नुसतं 'प्रेस' म्हटलं की रिक्षावाला नोटांच्या प्रेसच्या फाटकाशी नेऊन सोडतो. आमची प्रेस वेगळी. जेल रोडच्या एका आतल्या गल्लीत, वर मंगल कार्यालय आणि खाली आमच्या दोन खोल्या. एका ट्रस्टची ब्रेल पुस्तकं तिथे तयार व्हायची. माझं काम वाचिकेचं. मी मूळ पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि समोर छायाताई जाधव ब्रेलच्या पानावरून बोट फिरवत ताडून बघायच्या. छायाताईंना जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर आणि छापायचं मशीन मोमीन सरांकडे.

मोमीन सरांची आठवण मला कधी चांगल्या वेळी येत नाही. हॉटेलात टेबल पुसायचं फडकं काळं आणि ओलं असलं, लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद' चुकीचा छापला असला, दवाखान्यात दुसऱ्या कोणाचं नाव खोडून त्याच फॉर्मवर माझं लिहिलं, की मला नाकाशी धरलेला पांढरा रुमाल दिसतो आणि कोणीतरी अगदी हळू आवाजात म्हणतं, "घाण आहे ही."

हा त्यांचा शब्द. धुळीला ते घाण म्हणायचे नाहीत, धूळ म्हणायचे. अर्धवट केलेलं काम, दुसऱ्यावर ढकललेलं काम, न बघता 'झालं' म्हणून सांगितलेलं काम, ही घाण. ती दिसली की त्यांना खरोखर मळमळायचं. चेहरा आक्रसायचा, नाकपुड्या आत ओढल्या जायच्या आणि खिशातून रुमाल निघायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस नाटकी आहे. पुढे कळलं, त्या वेळी त्यांना समोर ठेवलेला चहासुद्धा जायचा नाही.

उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. मूळचे मालेगावचे. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे आणि सरांनीही कॉलेज करत असताना काही वर्षं मागावर काढली होती. नाशकात देवळाली गावात एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारनंतर द्वारका चौकातून मालेगावची गाडी पकडायचे. कॉम्प्युटर त्यांना कोणी रीतसर शिकवला नव्हता. आमची सगळी छपाई ज्या प्रोग्रामवर चालायची, तो त्यांनीच लिहिला होता, पायथन नावाच्या भाषेत, मी तिथे लागायच्याही आधी.

तो प्रोग्राम काय करायचा, हे सांगायला हवं. प्रकाशक आम्हाला पुस्तकाचा मजकूर देत, तो बहुतेक जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस यांचा चिवडा दिसायचा. सरांचा प्रोग्राम त्या चिवड्यातून नीट मराठी काढायचा, मराठीचं ब्रेल करायचा आणि तारेतून मशीनकडे पाठवायचा. मशीन चालू झालं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागे.

सरांच्या हाताशी एक जुना दात घासायचा ब्रश असे. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी ते त्यानं कीबोर्ड साफ करायचे. एकदा ट्रस्टचे व्यवस्थापक देवरे साहेब त्यांच्या खुर्चीत बसून फोनवर बोलता बोलता फरसाण खाऊन गेले. सरांनी कीबोर्ड उलटा केला. कागदावर पडलेली शेव त्यांनी पुडी बांधून ठेवली आणि संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर नेऊन दिली.

"साहेब, तुमचं राहिलं होतं."

देवरे साहेबांनी पुडी उघडून पाहिली आणि हसले. त्यांना खरंच वाटलं, हा विनोद आहे. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांना पुस्तकापेक्षा पुस्तकाचा फोटो महत्त्वाचा वाटे. प्रत्येक पुस्तक बाहेर पडताना कोणीतरी पाहुणा यायचा, ब्रेलचं पान उलटं धरून हसायचा आणि फोटो निघायचा.

त्या दोघांचं खरं वाजलं ते पहिल्या पानांवरून. ट्रस्टनं ठरवलं की प्रत्येक ब्रेल पुस्तकाच्या सुरुवातीला विश्वस्तांची आणि देणगीदारांची नावं घालायची. ब्रेल जागा फार खातं. ती नावं चार पानं भरत. सरांनी पहिलं पुस्तक छापलं आणि ती चार पानं शेवटी टाकली.

"सुरुवातीला म्हटलं होतं मी," देवरे साहेब म्हणाले.

"साहेब, मुलगी गणिताचं पुस्तक उघडते. तिच्या बोटाला आधी काय लागायला पाहिजे? गणित. तुमचे लोक लागतात. घाण आहे ही."

"मोमीन, ते लोक देतात म्हणून हे चाललंय."

"म्हणून तर शेवटी ठेवलीत. नाहीतर ठेवली नसती."

छायाताई पलीकडे बसून ऐकत होत्या. साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "सर, मी तर ती पानं वाचून बघितलीच नाहीत. चुका असतील त्यात." सर म्हणाले, "असू द्या. त्यांचं कोण वाचतंय." त्यांना दुसऱ्या कोणाचीही चूक चालत नसे, पण ही चालली.

पुढे जे झालं, त्यात माझाही हात आहे, म्हणून ते जसं झालं तसं सांगते.

दिवाळीच्या आधी सरांची आई आजारी पडली आणि ते दहा दिवसांच्या रजेवर मालेगावला गेले. त्याच आठवड्यात देवरे साहेबांनी साफसफाई काढली. ट्रस्टला कुठूनतरी दोन नवे कॉम्प्युटर मिळाले होते, त्यांचा फोटो काढायचा होता आणि शेजारी सरांचा पिवळा पडलेला जुना डबा फोटोत नको होता. साहेबांनी मला बोलावलं.

"मोमीनचं जे काही आहे ते पेनड्राइव्हवर घ्या. हा भंगारात जाणार आहे."

"सरांना एकदा विचारू या का?"

"आई आजारी आहे त्यांची. कशाला त्रास द्यायचा? फोल्डर उचलायचं फक्त."

मी फोन करू शकले असते. फोन हातात होता. पण मला त्यांचा तो आवाज ऐकायचा नव्हता, आपण काहीतरी घाण करतोय असं वाटायला लावणारा. म्हणून मी 'ब्रेल' नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं आणि "झालं" म्हणून सांगितलं. संध्याकाळी भंगारवाला जुना कॉम्प्युटर हातगाडीवर घालून घेऊन गेला.

सर परत आले, तेव्हा नव्या कॉम्प्युटरसमोर एका कंपनीचा माणूस बसला होता. देवरे साहेबांनी त्याला बोलावलं होतं, कारण फोल्डर नव्या मशीनवर टाकलं तरी प्रोग्राम चालेना. तीन दिवस तो झटत होता. सर दारातच थांबले, जुन्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, रुमाल काढला आणि त्या माणसाच्या मागे स्टूल घेऊन बसले.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"सिरीयल नावाचं मॉड्यूल नाही म्हणत होता, सर. ते मी टाकलं. आता म्हणतो, मॉड्यूल आहे पण त्यात हवी ती गोष्ट नाही. तुमचा प्रोग्रामच खूप जुना आहे. नवीन करून घ्या."

"टाकताना नाव काय लिहिलं?"

"सिरीयल. तेच मागत होता ना."

सरांनी डोळे मिटले. "तुम्ही उठा," ते म्हणाले. तो माणूस उठला, आणि परत आला तो थेट नवीन मशीनच्या उद्घाटनाला.

मग त्यांनी मला आणि छायाताईंना समजावून सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांचा तिटकारा खाली बसत नसे. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम एकट्यानं चालत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली छोटी छोटी कामं, म्हणजे मॉड्यूलं, तो उसनी घेतो. तारेतून मशीनशी बोलायचं एक, ब्रेल करायचं एक, जुने दस्तऐवज उघडायचं एक. ती सगळी त्या कॉम्प्युटरवर आधी आणून ठेवावी लागतात. त्यातलं तारेचं जे आहे, त्याला प्रोग्राममध्ये सिरीयल म्हणून हाक मारतात, पण आणायचं असतं पायसिरीयल या नावानं. सिरीयल नावाचंही काहीतरी मिळतं. ते भलतंच आहे.

"घरी बाळू म्हणतात म्हणून टपालावर बाळू लिहिलं," छायाताई म्हणाल्या, "आणि गावातला दुसराच बाळू घेऊन आले."

"आणि तीन दिवस त्याला जेवायला घालतायत," सर म्हणाले. "घाण. नुसती घाण."

त्यांनी त्या माणसानं टाकलेलं सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भाषाही मधल्या काळात बदलली होती. त्यांनी लिहिलेल्या बऱ्याच ओळी नव्या पायथनला मान्य नव्हत्या, त्या दुरुस्त केल्या. मग प्रोग्राम चालवायचा, तो अडकायचा, काय नाही ते बघायचं, आणायचं, पुन्हा चालवायचं. पडद्यावर दरवेळी वीसेक ओळी यायच्या. मी वरून वाचायला लागले की ते थांबवायचे.

"खालून वाचा, मॅडम. वरचं सगळं रडगाणं असतं. काय पाहिजे ते शेवटच्या ओळीत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तारेचं आलं, ब्रेलचं आलं, दस्तऐवज उघडायचं आलं. प्रत्येक वेळी शेवटची ओळ बदलायची आणि सर थोडे सैल व्हायचे. छायाताईंनी चहा सांगितला. सरांनी पुन्हा प्रोग्राम चालवला. मी शेवटची ओळ वाचली.

"मात्रा नावाचं मॉड्यूल नाही म्हणतोय, सर. हे कुठून आणायचं?"

चहा आला, त्यावर साय धरली, तरी सर पडद्याकडेच बघत होते. रुमालही काढला नाही.

मग म्हणाले, "हे कुठेच मिळणार नाही. हे माझं आहे."

मात्रा ही त्यांनीच केलेली फाइल होती. जुन्या फॉन्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे मराठीतलं कुठलं अक्षर, याचा तक्ता. नवीन पुस्तक आलं, नवं विचित्र चिन्ह भेटलं, की ते त्यात एक ओळ वाढवायचे. वर्षानुवर्षं. आणि ती फाइल त्यांनी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली नव्हती. फार पूर्वी कधीतरी, सगळ्या प्रोग्रामना सापडावी म्हणून, पायथनच्या स्वतःच्या जागेत नेऊन टाकली होती आणि विसरून गेले होते. मी उचललेल्या फोल्डरमध्ये ती असणं शक्यच नव्हतं. तिची दुसरी प्रत नव्हती, आणि ती कुठे आहे हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सर उठून भंगारवाल्याकडे गेले, मीही मागे गेले. त्यानं कॉम्प्युटर त्याच दिवशी फोडला होता. कोपऱ्यात पत्र्याचे रिकामे डबे रचलेले होते आणि हिरव्या पट्ट्यांचा एक ढीग होता. भंगारवाला म्हणाला, "पुढे पाठवलं, भाई. आपल्याकडे राहत नाही काही."

येताना मी म्हटलं, "सर, मी तुम्हाला फोन करायला हवा होता."

"करायला हवा होता," ते म्हणाले. चालत राहिले. मग म्हणाले, "मी सांगितलं असतं, फोल्डर घ्या आणि द्या टाकून. मला तरी कुठे आठवत होतं."

एवढ्यात देवरे साहेबांना सोपी वाट दिसली होती. साफसफाईची यादी ट्रस्टच्या कार्यालयातल्या कारकुनानं केली होती, त्याच्यावर शेकवायचं. बैठक बोलावली. कारकून बिचारा कागद हातात धरून उभा होता. सरांनी खिशातून स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. प्रोग्रामला काय काय लागतं याची यादी मी कधी केली नाही, स्वतःची फाइल भलत्या जागी ठेवली, प्रत ठेवली नाही, ही चूक माझी. असं चार ओळींचं. शेवटचं वाक्य पत्रात नव्हतं. ते त्यांनी तोंडी सांगितलं.

"इतकी वर्षं मी सगळ्यांना नावं ठेवली. सगळ्यांत मोठी घाण माझी निघाली."

पत्रात माझं नाव नव्हतं. पेनड्राइव्हचा उल्लेखही नव्हता. मी त्या बैठकीत बसले होते आणि तोंड उघडलं नाही. कॉम्प्युटर कोणी भंगारात घातला, हेही कोणी विचारलं नाही. देवरे साहेबांनी पत्र घडी घालून फाइलीत ठेवलं, आणि ते किती व्यवस्थित ठेवलं हे बघून मला पहिल्यांदा त्या माणसाची किळस आली. नंतर त्याहून जास्त माझी.

त्या वेळी आमच्याकडे इतिहासाचं एक पुस्तक अडकलं होतं. सटाण्याकडच्या रोहिणी नावाच्या मुलीला बारावीसाठी हवं होतं. ती दर सोमवारी फोन करायची. सर तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचे.

"सर, मनं इतिहासनं पुस्तक कव्हय भेटी?"

"भेटी बेटा. काम चालू शे."

"मागला सोमवारलेबी हाईच सांगं तुम्ही."

सर फोन ठेवून आमच्याकडे बघायचे. "बरोबर बोलते," म्हणायचे.

तक्ता पुन्हा करायचा तर आधार काय? छायाताईंनीच वाट काढली. जुनी छापलेली ब्रेल पुस्तकं कपाटात होती आणि त्यांचा जुन्या फॉन्टमधला मूळ मजकूर फोल्डरमध्ये होता. म्हणजे प्रश्नही होता आणि उत्तरही. मधला तक्ता तेवढा नव्हता. मग आम्ही तिघं बसलो. मी पडद्यावरचा चिवडा एकेक चिन्ह करत वाचायचे, "कंस, उलटा स्वल्पविराम, मोठं के." छायाताई ब्रेलवर बोट ठेवून सांगायच्या, "इथे 'क्ष' आहे, पुढे वेलांटी." सर लिहून घ्यायचे, दुसऱ्या पुस्तकात तेच चिन्ह शोधायचे, तिथेही तेच अक्षर निघालं तरच तक्त्यात घालायचे.

तीन आठवडे हे चाललं. माझा घसा बसला. छायाताईंच्या तर्जनीचं टोक लाल झालं, मग त्या मधलं बोट वापरू लागल्या. सरांनी ते पाहिलं.

"छायाताई, माझी घाण तुमच्या बोटांनी उपसतोय मी."

"सर, तुमची घाण असती तर या पुस्तकांत चुका सापडल्या असत्या," छायाताई म्हणाल्या. "या कामात ताडलेल्या पंधरा पुस्तकांत मला दोन सापडल्या. पुढचं पान द्या."

त्या तीन आठवड्यांत देवरे साहेब दोनदा खोलीत डोकावले. दोन्ही वेळा कंपनीचं काम कसं छान आहे, हे सांगून गेले. नव्या पद्धतीनं टाइप केलेला मजकूर कंपनीचं मशीन बटण दाबताच छापणार होतं. जुन्या फॉन्टमधल्या पुस्तकांचं काय, असं छायाताईंनी विचारलं. साहेब म्हणाले, "ती हळूहळू बंदच होतील." बारावीचा इतिहास हळूहळू कसा बंद होतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

पुस्तक गेलं. सोमवारी फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला.

"सर, पुस्तक भेटनं. पन 'वर्षांत'ना जागे 'वषात' व्हयेल शे. तीन जागे. हाई काय शे?"

रफार आणि अनुस्वार एकत्र असलेलं एक चिन्ह तक्त्यात राहून गेलं होतं. पुस्तक लवकर पाठवायच्या घाईत आम्ही शेवटची प्रकरणं नमुन्यापुरतीच तपासली होती. सरांनी तिला पानांचे आकडे विचारले. तिनं तिन्ही सांगितले, वर म्हणाली, असं वाचायला तिला घाण वाटतं.

फोन ठेवल्यावर सर छायाताईंना म्हणाले, "ऐकलंत? वैतागलीय पोरगी." आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी डबा उघडून पूर्ण जेवण केलं. तीनही पानं त्याच दुपारी नव्यानं छापून त्यांनी स्वतः बसस्टँडवर नेऊन सटाण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली.

डिसेंबरात ट्रस्टचं पत्र आलं. तांत्रिक जबाबदारी यापुढे कंपनीकडे. मोमीन यांनी स्वतःच लेखी दिल्याप्रमाणे झालेल्या हलगर्जीपणामुळे त्यांची सेवा महिनाअखेरीस थांबवण्यात येत आहे. 'स्वतःच लेखी दिल्याप्रमाणे' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मी देवरे साहेबांकडे गेले आणि सांगितलं, फोल्डर मी उचललं होतं, न विचारता, तुमच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, "तुम्ही कशाला मध्ये पडता? तुमचं नाव कुठेच नाही." मी म्हटलं, "म्हणूनच आले." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही, एवढंच माझ्या हातून झालं. राजीनामा मी दिला, पण चार महिन्यांनी, दुसरी नोकरी बघून. त्याला शौर्य म्हणत नाहीत.

साहेबांकडे गेल्याचं मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, खोटं काय लिहिलंय त्यांनी? हलगर्जीपणा झालाच होता." मग म्हणाले, "फक्त वास येतो त्या कागदाला."

उरलेला महिना त्यांनी छायाताईंना प्रोग्राम चालवायला शिकवण्यात घालवला. छायाताईंच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. तो इंग्रजी ओळी भराभर वाचायचा, छायाताई कान देऊन ऐकायच्या आणि शेवटची ओळ आली की थांबवायच्या. काय काय लागतं याची यादी आता होती. नाव, कुठली आवृत्ती, कुठून आणायचं. मात्रा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये होती, आणि तिच्या प्रती तिघांच्याही घरी होत्या.

शेवटच्या दिवशी वरच्या मंगल कार्यालयात समारंभ होता. नवीन मशीनचं उद्घाटन, कंपनीच्या माणसाचा सत्कार, आणि त्यातच सरांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. अकरा वाजता कार्यालयातून निरोप आला, मोमीन सरांना वर बोलावलंय. सर म्हणाले, "सांगा, काम चालू आहे."

त्यांनी छायाताईंना स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. नव्या कॉम्प्युटरवरचं, वाचून दाखवणारा आवाज तेवढा सोडून, सगळं पुसून टाकलेलं. पायथनही नव्हतं.

"पहिल्यापासून करा," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही. बोलणारही नाही."

वरून माइकचे 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होते. छायाताईंनी यादीप्रमाणे एकेक आणलं. एकदा अडकल्या. आवाज भरभर बोलून थांबला. मला उत्तर दिसत होतं, मी पुढे झाले, सरांनी हातानंच मला मागे केलं. छायाताईंनी ओळ पुन्हा ऐकली, स्वतःशी पुटपुटल्या, एक अक्षर दुरुस्त केलं. मग प्रोग्राम चालवला.

क्षणभर काही झालं नाही. मग मशीननं कागद ओढला आणि खोलीभर गारा सुरू झाल्या.

सर पहिलं पान बाहेर येईपर्यंत उभे राहिले. ते उजेडाकडे धरून तिरकं करून पाहिलं, ट्रेमध्ये ठेवलं. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी घेतली. माझ्याकडे बघून मान हलवली, बोटानं छायाताईंकडे दाखवलं, म्हणजे यांना काही सांगू नका, आणि बाहेर पडले. खिडकीतून मला ते दिसले. मंडपवाल्याच्या खुर्च्यांची रांग ओलांडून, लाल गालिच्याच्या कडेनं, गालिच्यावर पाय न देता गल्लीत वळले.

छायाताई मशीनच्या आवाजावर ओरडून बोलतच होत्या. "सर, दुसरं प्रकरण आत्ताच टाकू की हे होऊ द्यायचं? सर, कागद पुरेल का? सर, त्या रोहिणीचं भूगोलाचं पुस्तक आता मी करते." पानं संपली, मशीन थांबलं, तेव्हा मला बोलणं भाग होतं.

"छायाताई, सर गेले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली तेव्हाच पाठीला कळलं. निरोप घ्यायला लागले असते तर त्यांना गेटपर्यंत पोचता आलं नसतं. म्हणून बोलत राहिले."

त्यांनी ट्रेमधलं पान चाचपून उचललं, मांडीवर घेतलं आणि मधलं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"पुस्तक उघडा, मीनल," त्या म्हणाल्या. "ताडून बघू."